चार इंजील: कुणासाठी, कशासाठी?



गेल्या महिन्यात माझ्या मुलाने शाळेत एक वाद जिंकला आणि एक मित्र गमावला. म्हणून या वेळचा विषय नेहमीपेक्षा थोडा वेगळा घेते आहे.

मुलगा नववीत आहे. पाचवीपासून त्याच्या बाकावर बसणारा मित्र ख्रिस्ती आहे. ईदला आमच्याकडून त्यांच्याकडे शीरखुर्मा जातो, नाताळला त्यांच्याकडून करंज्यांचा डबा येतो. मुलाने मोबाईलवर कुठल्याशा मुनाजऱ्याचा व्हिडिओ पाहिला आणि मधल्या सुट्टीत चार पोरांसमोर मित्राला विचारले, "इंजील तर एकच उतरली होती, मग तुमच्याकडे चार कशा? चौघांनी चार तऱ्हेने लिहिले म्हणजे सगळेच खोटे, हो की नाही?" मित्राला उत्तर देता आले नाही. पोरे हसली. दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्या बाकावर बसू लागला.

घरी येऊन मुलगा हे मोठ्या अभिमानाने सांगत होता. मी विचारले, "त्या चारांपैकी एक तरी वाचलीस का, बेटा?"

"नाही, अम्मी. पण मी खोटं काय बोललो? इंजील एकच होती ना?"

त्याचे अर्धे म्हणणे बरोबर होते. अर्धी बरोबर असलेली गोष्ट मुलांना समजावणे सर्वांत अवघड असते, हे कोणताही शिक्षक सांगेल. मी त्याच संध्याकाळी त्या मित्राच्या आजीकडे गेले आणि त्यांचा मराठी नवा करार वाचायला मागितला. आजींनी काही विचारले नाही. खाकी कव्हर घातलेले पुस्तक आणून हातात दिले. पुढचे आठ-दहा दिवस मगरिबनंतर आम्ही मायलेक ते घेऊन बसलो. त्यात जे हाती लागले ते आज तुमच्यासमोर ठेवते.

नाव एक, वस्तू दोन

आधी आपली श्रद्धा. तौरात, जबूर आणि इंजील हे अल्लाहने उतरवलेले ग्रंथ आहेत, असे आपण मानतो. ह. ईसा (अलै.) यांना इंजील दिली गेली आणि तिच्यात मार्गदर्शन व प्रकाश होता, असे पवित्र कुरआन सूरह अल-माइदाच्या ४६ व्या आयतीत सांगतो. म्हणजे आपल्या दृष्टीने इंजील म्हणजे अल्लाहकडून ईसांना मिळालेली शिकवण.

ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारात २७ लिखाणे आहेत. त्यांपैकी पहिली चार ह. ईसांच्या जीवनाची आणि उपदेशाची वर्णने आहेत. उर्दूत त्यांना मत्ती, मरकुस, लूका आणि यूहन्ना की इंजील म्हणतात. मराठीत तीच मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची शुभवर्तमाने. 'इंजील' या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे आणि त्याचा अर्थ आनंदाची बातमी, म्हणजेच शुभवर्तमान.

नाव सारखे असल्यामुळे घोटाळा होतो. ही चार पुस्तके ह. ईसांनी लिहिली किंवा त्यांच्यावर आकाशातून उतरली, असे ख्रिस्ती लोक म्हणतच नाहीत. ईश्वराच्या प्रेरणेने माणसांनी ती लिहिली, असे ते मानतात. म्हणजे माझ्या मुलाने मित्राला जो प्रश्न केला, तो मित्राच्या घरात कधी कुणी न केलेल्या दाव्याबद्दल होता. बिचारा उत्तर काय देणार?

काळाचा हिशेबही लक्षात घ्यावा. ह. ईसा आणि त्यांचे हवारी अरामी भाषा बोलत. ही चारही पुस्तके मात्र ग्रीक भाषेत आहेत, कारण रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात व्यापाराची आणि लिखापढीची ती भाषा होती. नव्या करारातले सर्वांत जुने लिखाण म्हणजे पौलाची पत्रे, इ.स. ५० नंतरच्या दशकातली. चार शुभवर्तमाने त्यानंतरची. बहुतेक अभ्यासक मार्कचे लिखाण इ.स. ७० च्या आसपासचे मानतात, मत्तय आणि लूक यांचे त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, आणि योहानाचे पहिल्या शतकाच्या शेवटचे. मजकुरात लेखक स्वतःचे नाव सांगत नाहीत. ही नावे ख्रिस्ती परंपरेने पुढे जोडलेली आहेत.

पत्र कुणाला लिहायचे?

मराठीच्या पेपरात आम्ही पत्रलेखनाचा प्रश्न घालतो. सहल एकच. तिच्याबद्दल मुख्याध्यापकांना लिहायचे की मामेभावाला, एवढे बदलले की सगळे पत्र बदलते. मुख्याध्यापकांच्या पत्रात तारीख, वेळ, खर्च येतो. मामेभावाच्या पत्रात बस बंद पडली आणि कुणाला उलटी झाली ते येते. दोन्ही पत्रे खरी असतात. तपासणारा शिक्षक आधी वरचा मायना पाहतो आणि मग गुण देतो. मी मुलाला म्हटले, आपण या चौघांचा मायना शोधू.

सुरुवात मार्कपासून केली. हे सर्वांत छोटे आणि सर्वांत जुने. यात ह. ईसांच्या जन्माची गोष्टच नाही. ह. यहया (अलै.) नदीकाठी उपदेश करत आहेत, तिथून एकदम सुरुवात होते. जेवणाआधी हात धुण्यावरून वाद होतो तो प्रसंग पाहा. मार्क मध्येच थांबून सांगतो की यहुदी लोकांत हात धुतल्याशिवाय न जेवण्याची रीत आहे, भांडी धुण्याचीही रीत आहे. हाच प्रसंग मत्तय सांगतो तेव्हा असा खुलासा करत नाही. का? आपल्या घरात वुजू म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पण शेजारच्या हिंदू मावशींना सांगताना एक वाक्य जास्त लागते. मार्कसमोर यहुदी रीत ठाऊक नसलेली माणसे बसली होती.

तो अरामी शब्द देतो आणि लगेच अर्थ सांगतो. गरीब विधवा मंदिराच्या दानपेटीत दोन लहान नाणी टाकते, तेव्हा त्यांची किंमत तो रोमन नाण्यात करून दाखवतो. ह. ईसांच्या अखेरच्या प्रसंगात शिमोन नावाचा एक वाटसरू येतो. तो अलेक्झांडर आणि रुफस यांचा बाप, असे फक्त मार्क सांगतो. गावात आपण म्हणतो ना, "अरे, तो आपल्या अमक्याचा बाप!" ऐकणारे त्या मुलांना ओळखत असले पाहिजेत, नाहीतर ही नावे सांगण्याला अर्थ नाही. पुष्कळ अभ्यासकांच्या मते हे लिखाण रोममधल्या लोकांसाठी होते. काही जण सिरिया म्हणतात. इ.स. ६४ मध्ये रोम शहराला आग लागली आणि सम्राट नीरोने तिचा आळ ख्रिस्ती लोकांवर घालून त्यांचा अनन्वित छळ केला. इ.स. ७० मध्ये रोमन फौजांनी जेरुसलेमचे मंदिर जाळले. मार्कच्या पानापानावर घाई आणि भीती आहे, शिष्य पुन्हा पुन्हा घाबरतात. समोर बसलेले लोकही घाबरलेले होते, हे मनात ठेवून वाचले की ते वेगळे लागते.

मग मत्तय. हा सुरुवातच वंशावळीने करतो, आणि तीही ह. इब्राहीम (अलै.) यांच्यापासून, मग ह. दाऊद (अलै.), मग पुढे. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट तो पाडतो. चौदाच का? आपल्याकडे जसे अबजदचे हिशेब असतात तसेच हिब्रू अक्षरांनाही आकडे आहेत, आणि 'दाऊद' या नावाच्या अक्षरांची बेरीज चौदा होते. अनेक अभ्यासक याचा संबंध तिथे लावतात. ही खूण कळणार कुणाला? ज्याला हिब्रू अक्षरे ठाऊक आहेत त्याला.

मत्तय वारंवार सांगतो की अमुक घडले ते जुन्या पैगंबरांनी सांगितले होते त्याप्रमाणे घडले. बाळ ईसांना राजा हेरोदपासून वाचवण्यासाठी मिसरला नेल्याचे फक्त तोच सांगतो. जुलमी राजा, बालकांची हत्या, मिसर! ह. मूसा (अलै.) यांची आठवण व्हावी म्हणूनच ही मांडणी. उपदेशही तो डोंगरावर देतो, तूर पर्वतासारखा. उपदेशाचे पाच मोठे भाग पाडतो, तौरातची पाच पुस्तके असतात तसे. इतरांच्या लिखाणात 'देवाचे राज्य' येते तिथे तो बहुतेक वेळा 'स्वर्गाचे राज्य' म्हणतो, कारण यहुदी माणूस ईश्वराचे नाव तोंडावर घेताना अदब पाळतो. मत्तयसमोर यहुदी घरात वाढलेली माणसे होती, आणि हा आपल्याच परंपरेतला माणूस आहे, हे त्याला त्यांना पटवायचे होते.

छपरावर कौले होती का?

तिसरा लूक. मुलाला सर्वांत आवडला तो हाच, आणि त्याला कारण झाले एक छप्पर.

ह. ईसा एका घरात बोलत आहेत. गर्दी इतकी की दारातून आत जाता येत नाही. चार माणसे एका लुळ्या माणसाला खाटेवर घालून आणतात, छपरावर चढतात आणि वरून त्याला आत सोडतात. मार्क म्हणतो, त्यांनी छप्पर उकरले. लूक म्हणतो, त्यांनी कौलांतून त्याला खाली सोडले. मुलगा लगेच म्हणाला, "अम्मी, हे बघ, फरक!"

माझ्या आजोळी माळवदाचे घर होते. लाकडे टाकून वर मातीचा थर, सपाट, वाळवण घालायला सोयीचे. पॅलेस्टाईनमधली साधी घरे अशीच असत, म्हणून मार्ककडे छप्पर उकरावे लागते. पण माळवद कधी न पाहिलेल्या कोकणातल्या माणसाला ही गोष्ट सांगायची असेल, तर आपणही सहज म्हणून जाऊ की कौले काढली आणि खाली सोडले. लूकचे वाचक ग्रीक-रोमन शहरांतले होते, त्यांच्या डोळ्यांसमोर कौलांचे घर यायचे. लुळा माणूस तोच, खाट तीच, ती धडपड तीच. छप्पर तेवढे वाचकांच्या गावचे झाले.

लूकचा मायना तर शोधावाही लागत नाही, तो त्यानेच वर लिहून ठेवला आहे. थियफिल नावाच्या एका मान्यवराला उद्देशून तो लिहितो. तो साधारण असे म्हणतो, की याआधी पुष्कळांनी हे वृत्तान्त लिहायचा प्रयत्न केला, मीही सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेतला आणि आता तुमच्यासाठी नीट क्रमाने लिहितो. मी मुलाला विचारले, "हे कशासारखे वाटते, कुरआनसारखे की सीरतच्या पुस्तकासारखे?" तो म्हणाला, "सीरतसारखे." मला वाटते, नववीतल्या मुलाने दिलेले हे उत्तर पुष्कळ वादांची हवा काढून घेते. चार शुभवर्तमानांची बरोबरी कुरआनशी करायला गेलो की गोंधळ होतो. रचनेच्या दृष्टीने ती सीरतच्या जवळची आहेत.

लूकची वंशावळ ह. इब्राहीमपाशी थांबत नाही, ती ह. आदम (अलै.) यांच्यापर्यंत जाते. समोर यहुदी नसलेले वाचक होते. त्यांचा आणि ह. ईसांचा सामाईक पूर्वज आदमच. ह. जकरिया (अलै.) यांना म्हातारपणी मुलाची खुशखबर मिळते ती गोष्ट चौघांत एकटा लूक सांगतो. सूरह मरियम वाचणाऱ्या आपल्या घरांना ती ओळखीची वाटेल.

श्रीमंत-गरिबांबद्दलही लूक वेगळा आहे. मत्तयकडे ह. ईसा आत्म्याने दीन असलेल्यांना धन्य म्हणतात. लूककडे ते सरळ गरिबांना धन्य म्हणतात आणि पुढे श्रीमंतांना ताकीदही देतात. ज्याच्या दाराशी भिकारी उपाशी पडून राहिला त्या श्रीमंताची गोष्ट फक्त लूककडे आहे. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले तो मान्यवर माणूस, म्हणजे बहुधा खाऊन-पिऊन सुखी. त्याला हे ऐकवायची गरज होती.

दुआचेही तसेच. ह. ईसांनी शिष्यांना शिकवलेली दुआ मत्तय आणि लूक दोघेही देतात. मत्तयची लांब, लूकची आखूड. मत्तयकडे आधी ताकीद आहे की लोकांना दाखवण्यासाठी उभे राहून दुआ करू नका. ही ताकीद रोज इबादत करणाऱ्यालाच लागू पडते. लूककडे एक शिष्य म्हणतो, आम्हाला दुआ करायला शिकवा. ही मागणी नवशिक्याची. पिढ्यान्‌पिढ्या नमाजी असलेल्या घरातल्या मुलाला आपण रियापासून, दिखाव्यापासून जपायला सांगतो, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला आधी शब्द शिकवतो. तसेच हे.

चौथा योहान अगदी निराळा. जन्माची गोष्ट नाही, दृष्टान्तकथा जवळजवळ नाहीत, त्याऐवजी लांब भाषणे आहेत. सुरुवात सृष्टीच्याही आधीपासून होते. तो 'रब्बी' म्हणजे गुरू असा अर्थ सांगतो, म्हणजे वाचकांत हिब्रू-अरामी न कळणारे होते. यहुदी प्रार्थनागृहातून हाकलले जाण्याची भीतीही त्यात येते, म्हणजे त्या फाटाफुटीच्या जखमा ताज्या होत्या. वाचकांनी ईसांना ईश्वराचा पुत्र मानावे यासाठीच हे लिहिले, असे तो शेवटाकडे स्वतःच सांगतो. आपला आणि ख्रिस्ती बांधवांचा मूळ मतभेद इथेच सर्वांत उघड होतो, आणि तो मतभेद झाकून ठेवण्याची काही गरज नाही.

जे श्रोत्यांवर ढकलता येत नाही

आता न्यायाची गोष्ट. सगळेच फरक श्रोत्यांमुळे झाले, असे म्हणणेही खरे होणार नाही. मत्तय आणि लूक यांच्या वंशावळींत मरियमचा वाग्दत्त मानल्या गेलेल्या योसेफाच्या बापाचे नावच वेगळे आहे. एकाकडे याकोब, दुसऱ्याकडे एली. एका माणसाने ईसांना 'उत्तम गुरुजी' म्हटले, तेव्हा मार्कच्या ईसांनी उत्तर दिले की मला उत्तम का म्हणतोस, उत्तम एकटा ईश्वर आहे. मत्तयकडे हेच उत्तर असे बदलले आहे की उत्तम काय ते मला का विचारतोस. हा बदल आदरापोटी झाला असे पुष्कळ ख्रिस्ती अभ्यासकही मानतात. चौथ्या शतकातल्या दोन अतिशय जुन्या हस्तलिखितांत, सिनाईच्या आणि व्हॅटिकनच्या प्रतीत, मार्कच्या शेवटच्या बारा ओळी नाहीतच. आजच्या अनेक छापील प्रतींत त्या कंसात किंवा तळटीप देऊन छापतात. म्हणजे ही गोष्ट कुणी लपवलेली नाही.

आपल्या आलिमांनीही हे फार आधी पाहिले होते. अल-बिरुनीने इ.स. १००० च्या सुमाराच्या 'अल-आसारुल बाकिया' या ग्रंथात दोन्ही वंशावळी शेजारी शेजारी मांडल्या. इ.स. १८५४ मध्ये आग्र्यात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा प्रसिद्ध मुनाजरा झाला. त्यात मौलाना नुसत्या आवाजाच्या जोरावर बोलले नाहीत. ख्रिस्ती अभ्यासकांचीच पुस्तके वाचून बोलले, आणि त्याच अभ्यासातून पुढे 'इजहारुल हक' हा ग्रंथ आला. सर सय्यद अहमद खान यांनी १८६२ मध्ये वेगळी वाट धरली. 'तबयीनुल कलाम' या नावाने त्यांनी बायबलवर उर्दूत भाष्यच लिहायला घेतले. एकाने वाद केला, दुसऱ्याने भाष्य केले, पण वाचले दोघांनीही. तीन मिनिटांचा व्हिडिओ पाहून मधल्या सुट्टीत उभे राहणे, ही त्या दोघांपैकी कुणाचीच सुन्नत नाही.

मी मुलाला आणखी एक गोष्ट दाखवली. 'फरक आहे म्हणून खोटे' ही काठी उचललीस तर ती तुझ्याही घरात फिरेल. ह. मूसांनी दूरवर आग पाहिली तो प्रसंग कुरआनात सूरह ताहामध्ये आहे, नम्लमध्ये आहे, कससमध्येही आहे. तिन्ही ठिकाणी तपशील कमी-जास्त, भर वेगळा. आपण त्याला विरोधाभास म्हणत नाही. प्रत्येक ठिकाणी सांगण्याचे कारण वेगळे आहे, असे म्हणतो. इमाम बुखारी एकच हदीस वेगवेगळ्या प्रकरणांत देतात, कुठे पूर्ण, कुठे थोडक्यात, ज्या मुद्द्यासाठी हवी तेवढी. शाने-नुजूल पाहिल्याशिवाय आयतीचा अर्थ लावू नये, हे तर मदरशातले लहान मूलही शिकते. स्वतःच्या ग्रंथासाठी ही काळजी आणि दुसऱ्याच्या ग्रंथासाठी हसू, असे दोन मापांनी मोजणे इस्लामला मान्य नाही.

यामुळे आपला ईमान कमी होतो का? मुळीच नाही. कुरआन अल्लाहचे वचन आहे आणि शुभवर्तमाने माणसांनी लिहिलेली आहेत, हा फरक कायम राहतो. ह. ईसांना सुळावर चढवले असे चारही शुभवर्तमाने सांगतात. कुरआन सूरह अन-निसाच्या १५७ व्या आयतीत ते नाकारतो. आपण कुरआनवर ईमान ठेवतो तो कुरआनमुळे, मार्क आणि लूक यांच्यात छपरावरून एकमत नाही म्हणून नव्हे.

नज्जाशीचा दरबार

शेवटी मुलाला ओळखीची गोष्ट आठवून दिली. मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान हबशाला गेले. कुरैशचे लोक त्यांना परत आणायला मागोमाग आले. ख्रिस्ती राजा नज्जाशीने विचारले, तुमच्या पैगंबरांनी आणलेल्या वचनांपैकी काही ऐकवता का? ह. जाफर बिन अबू तालिब (रजि.) यांना पाठ असलेल्या कुरआनातून त्यांनी काय निवडले? सूरह मरियमचा सुरुवातीचा भाग. ह. जकरिया, ह. यहया, बीबी मरियम. समोर कोण बसले आहे ते त्यांनी पाहिले आणि दोघांच्या ओळखीच्या दाराने आत गेले. राजाच्या डोळ्यांत पाणी आले, असे सीरतमध्ये येते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी कुरैशच्या माणसांनी राजाला चिथावले की हे लोक ईसांबद्दल भलतेच बोलतात. राजाने विचारले तेव्हा ह. जाफर यांनी काहीही लपवले नाही. ईसा अल्लाहचे दास आणि रसूल आहेत, हे स्पष्ट सांगितले. आधी काय सांगायचे हे श्रोत्याकडे पाहून ठरवले. सत्य मात्र श्रोत्याकडे पाहून बदलले नाही. अहले किताबशी उत्तम पद्धतीनेच चर्चा करा, असे सूरह अल-अनकबूतची ४६ वी आयत सांगते. ती उत्तम पद्धत कशी असते हे मला नज्जाशीच्या दरबारातच दिसते.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अम्मी, मी त्याला चार पोरांसमोर विचारायला नको होतं."

मी म्हटले, "एकट्याला विचारायचं होतं, आणि वाचून विचारायचं होतं."

पुस्तक परत द्यायला मी त्यालाच पाठवले. आजींना सलाम करून त्याने पुस्तक दिले. मित्र आतल्या खोलीत अभ्यास करत होता, तो बाहेर आला नाही. निघता निघता मुलाने दारातूनच हाक मारून विचारले, "अरे, तुझ्या मार्कच्या गोष्टीत छपरावर कौलं का नाहीत, माहीत आहे का?" आतून थोड्या वेळाने उत्तर आले, "कुठल्या गोष्टीत?" मग दोघे आजींच्या दोन बाजूंना बसून ती पाने उघडू लागले. मला हे आजींनीच दुसऱ्या दिवशी सांगितले. बाक अजून वेगळेच आहेत. डबा मात्र या शनिवारी दोघांनी एकत्र खाल्ला.

माझ्या भगिनींना एवढेच सांगणे आहे की आपल्या मुलांच्या हातात मोबाईल आहे आणि त्यात दुसऱ्यांच्या धर्मावर हसणारे व्हिडिओ भरपूर आहेत. मूल असे काही ऐकून आले तर लगेच रागावू नका आणि शाबासकीही देऊ नका. त्याला तीन प्रश्न विचारा. तू ते वाचलेस का? ते कुणासाठी लिहिले होते? हेच माप तू स्वतःला लावशील का? तिन्ही उत्तरे हाती आल्यावर त्याला जे बोलायचे असेल ते खुशाल बोलू द्या.

अल्लाह आपल्या मुलांना ज्ञानाबरोबर नम्रताही देवो. आमीन.